नदी गुंडाळताना

आमच्या ह्यांच्या धाकट्या काकांइतकी नाटकं अख्ख्या सिंधुदुर्गात कुणी बघितली नसतील, आणि त्यांतल्या एकाही नटाचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. वाडीच्या नाट्यमंडळात ते तरुणपणी शिरले ते पडद्याची दोरी धरायला, आणि मागेच राहिले. विंगेच्या कोपऱ्यात उभं राहून त्यांनी जन्मभर पाठमोऱ्या माणसांचं नाटक बघितलं. त्यामुळे त्यांचं मत पाठ आणि टाचा यांच्यापुरतं असे. "राजा बरो होतो. पाठ ताठ. पण टाचांक भेगो. राजाक तेल मिळणा नाय काय?" असं ते दुसऱ्या दिवशी चहा पिताना सांगत. मंडळातली माणसं त्यांना समोरून आली तर ओळखू येत नाहीत. माणूस पुढे निघून गेला की हे मागून हाक मारतात.

मंडळाचे पडदे चार. दरबार, जंगल आणि रस्ता हे तीन वाडीतल्या चाकरमान्यांनी पूर्वी मुंबईहून बोटीने मालवण बंदरात आणि तिथून बैलगाडीने आणले. नदी आणायची राहिली, म्हणून ती इथेच रंगवून घेतली. रंगाऱ्याने वालावलच्या खाडीकाठी बसून ती काढली, म्हणून गंगा असो की यमुना, आमच्याकडे तिच्या काठाला माड असतात आणि पलीकडे एक होडी बांधलेली असते. काका या पडद्यांबद्दल गावांबद्दल बोलावं तसं बोलतात. एकदा मी दुपारी जेवायला बोलवायला गेले तर म्हणाले, "आज येवक जमाचा नाय. जंगलात वाळवी लागली हा." मी या मंडळाची कार्यवाह. यादी केल्याशिवाय मी कुडाळच्या बाजारालासुद्धा जात नाही. अशा बाईने या माणसाशी कामाचं बोलायचं म्हणजे धुक्याला पावती मागण्यासारखं होतं.

दसरा झाला की पडद्यांना ऊन दाखवायचं, हा काकांचा सण. दिवस पंचांगात बघून ठरत नाही. काका सकाळी देवळामागच्या खोलीत जाऊन पडद्यांचा वास घेतात आणि बाहेर येऊन सांगतात, "आज." मग कापणी झालेल्या मळ्यात चटया टाकून त्यांवर चारही पडदे अंथरायचे. त्या दिवशी आमची वाडी वेगळीच दिसते. आंब्याच्या सावलीपर्यंत दरबार पसरलेला, जंगलाच्या कडेला कुणाचं तरी भात वाळत घातलेलं, आणि मध्ये नदी, वर खऱ्या माडांच्या सावल्या हलतायत, त्यामुळे रंगवलेलं पाणीही हलल्यासारखं वाटतं. काका अनवाणी कडेकडेने फिरत असतात. एका शाळकरी मुलीने त्यांना विचारलं होतं, रस्त्याच्या पडद्यावरून तरी चालू का? "रस्तो आसा म्हणान काय झाला? तो राजाचो. तू बांधावरसून जा." एका वर्षी गाईने रंगातल्या खळीच्या वासाने दरबाराची एक पायरी चाटून पुसून टाकली. मी म्हटलं, रंगवून घेऊ. काका म्हणाले, "ऱ्हवांदे. तिका आवाडली."

ऊन दाखवून झालं की खरं काम. पडद्याची घडी घातली तर रंगाचे पोपडे निघतात, म्हणून तो बांबूवर गुंडाळायचा, दोन टोकांना दोन माणसं, दोघांचा हात एका चालीचा. काकांच्या समोरचं टोक त्यांचा जन्माचा जोडीदार धरत असे. तो मंडळाचा पेटीवाला. गुंडाळताना दोघं बोलत नसत. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात पेटीवाले वारले. त्या दसऱ्यानंतर खोलीतून "आज" असा आवाज आला नाही.

त्याच वर्षी जत्रेच्या नाटकाला मंडळाने मोठा स्क्रीन भाड्याने आणला. मीच आणला. त्याला वाळवी लागत नाही आणि जंगलाचा दरबार एका बोटाने होतो. पण स्क्रीनच्या मागे बघण्यासारखं काही नसतं, नुसत्या वायरी. म्हणून काका पहिल्यांदा पुढे येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. राजा आला. काकांनी मला हळूच विचारलं, "ह्यो कोण?"

"काका, आपला दुकानदार. दरवर्षी राजा तोच करतो."

"नाय गो, तो न्हय."

मग राजा पाठ फिरवून सिंहासनाकडे गेला आणि काका समाधानाने मागे टेकले. "होय, तोच. तोंड बरां आसा त्येचा. माका कोणी कधी सांगूक नाय." पुढच्या प्रवेशात स्क्रीनवर नदी आली, लाटांसकट. काका बराच वेळ बघत राहिले. "पाणी पळता बरां," ते म्हणाले. "पण खंय जाता ता कळणा नाय."

यंदा खोली खुर्च्यांसाठी हवी होती. देवबागचा एक होमस्टेवाला नदी मागत होता, जेवणघराच्या भिंतीला लावायला. सभेत अध्यक्षांनी काकांकडे बघितलं. काका एवढंच म्हणाले, "खाडयेच्या काठार खोटी नदी कित्याक होयी? पण देवन टाका. एकट्याक ती गुंडाळाक जमणा नाय. आणि गुंडाळल्याशिवाय ती टिकाची नाय." दरबार, जंगल आणि रस्ता अध्यक्षांच्या माळ्यावर जायचे ठरले, नदी देवबागला.

टेम्पो यायच्या दिवशी मी पोचपावतीवर सही घ्यायला मळ्यात गेले. काकांनी सकाळपासून एकट्या नदीला ऊन दाखवलं होतं. "जाताना तरी ओलसर नको," म्हणाले. मग दुसरं टोक दाखवून, "जरा धरतंस?"

मी बांबू धरला आणि माझ्या सवयीने भराभर फिरवायला लागले.

"सावकाश गो. वाळणाचे कपडे काढतंस काय?"

मी हात सावकाश केला. समोर काकांचा हात, तसाच माझा. आधी अलीकडचा काठ गेला, मग माडांचे बुंधे. कुणी बोलत नव्हतं. पाणी आमच्याकडे येत होतं आणि बांबूवर चढत होतं. कापडाला उन्हाचा आणि जुन्या पेटाऱ्याचा वास होता. मला त्या दिवशी आणखी तीन कामं होती, ती कोणती हे मला आठवेना. शेवटी होडी तेवढी राहिली. काकांनी हात थांबवला आणि ते तिच्याकडे बघत उभे राहिले. मीही थांबले.

टेम्पोवाला बांधावर आला. "बाई, न्यायचा पडदा हाच ना?"

"न्यायचा नाही. तसं ठरलंय."

"कोणी ठरवलं?"

"कार्यवाहांनी."

"ते खंय भेटतले?"

"मीच ती," मी म्हटलं. काकांनी बांबूला अर्धा वेढा दिला, आणि होडी आत गेली.

नदी आता आमच्या पडवीत वाशांना टांगलेली आहे. ह्यांचं डोकं रोज एकदा तिला लागतं. काका संध्याकाळी येतात आणि तिच्याखाली बसून चहा घेतात. आणि मी, जी मिठापासून मेणबत्तीपर्यंत सगळं आधी लिहून ठेवते, तिने पुढच्या कुठल्या तरी दसऱ्याला आपल्या समोरच्या टोकाला कोण असेल, हे अजून कुठेही लिहिलेलं नाही.