माझा हातगुण आणि अकरा मासे

माझ्या हाताला गुण आहे असं मी कधीच म्हणत नाही. गाव म्हणतं. मी फक्त नाही म्हणत नाही. आमच्या कोरीटच्या शिवारात कपाशी लावायची वेळ आली की दोन-चार घरची माणसं सकाळीच दारात येतात, "आप्पा, पहिलं बी तुमना हातनं पडू द्या." मी आधी "अरे, मन्हा हातमा काय शे?" असं म्हणतो, पण तेवढ्यात चपला पायात सरकवलेल्या असतात. नवी म्हैस दावणीला बांधायची असो, बोअरचा नारळ असो की मोटारीचं बटण, माझा हात लागल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. ज्यांच्या बोअरला फुफाटाच लागला त्यांनी माझं नाव कधी काढलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

त्या पावसाळ्यात मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा चालू होता. पहिलं म्हणायचं, पण आदल्या वर्षी एक पाचव्या महिन्यातच गेलं होतं. त्यामुळे नंदुरबारच्या डॉक्टरीणबाईंनी सक्त ताकीद दिली होती: पलंग सोडायचा नाही, डाव्या कुशीवर पडून राहायचं आणि मन प्रसन्न ठेवायचं. पहिल्या दोन गोष्टी तिच्या आईनं अंगावर घेतल्या. मन प्रसन्न ठेवायचं काम मी मागून घेतलं. मला कुणी दिलं नव्हतं.

ही पोर लहानपणी घर डोक्यावर घेणारी. शाळेतून आली की गल्लीच्या टोकापासून आवाज यायचा. आता डाव्या कुशीवर पडून समोरच्या भिंतीकडे बघत राहायची. काय झालं विचारलं तर म्हणायची, "काही नही, आप्पा." ती रडली असती तर मी समजूत घातली असती. ह्या "काही नही"ला काय उत्तर द्यायचं ते मला कळेना.

म्हणून मी नंदुरबारहून माशांची टाकी आणली. दुकानदार चाळिशीचा, मोजकं बोलणारा माणूस. म्हणाला, टाकी आठ दिवस नुसती पाण्यानं चालू द्या, मग दोन-तीन मासे सोडा, मासा जाळीनं धरा, हात घालू नका. मी सगळं मान डोलावून ऐकलं आणि त्याच दिवशी आठ मासे घेऊन घरी आलो. जाळी पिशवीतच राहिली. लोखंडाच्या जाळ्यात उंदीर धरतात, लक्ष्मी हातानं सोडायची असते, असं मी बायकोला ऐकवलं. शिवाय हात कुणाचा! पुढेही शेतातून आलो की टाकीतला किल्ला आणि खडे मी हात घालून सारखे करायचो.

पहिले दहा-बारा दिवस टाकीनं माझी मान गावात आणखी ताठ केली. पोर भिंतीऐवजी टाकीकडे बघायला लागली. एक काळी मासोळी सगळ्यांच्या मागे लागायची, तिला ती "आत्या" म्हणायची. माझी बहीण भेटायला आली तेव्हा दोघी मायलेकी तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि बहीण "काय व्हयनं, काय व्हयनं" विचारत होती. ते हसू ऐकून मला वाटलं, जिंकलो.

मग एका दुपारी ती काळी मासोळी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागली. गोल गोल फिरली, आडवी झाली आणि संध्याकाळपर्यंत गेली. पोरीनं ते सगळं पाहिलं. पोटावर हात ठेवून दुसरीकडे बघितलं. पाच-सहा दिवसांनी आणखी दोन गेले. मी पहाटे उठून मेलेले हातानं काढायचो, कढीपत्त्याखाली पुरायचो आणि तिनं विचारलं तर सांगायचो, "तो किल्ल्यामांगे झोपेल शे." प्लास्टिकचा किल्ला वीतभर, त्याच्यामागे किती मासे झोपणार! ती मोजायची हे मला ठाऊक होतं. तरी मी खोटं बोलायचो, आणि ती खरं मानल्यासारखं करायची.

आता मी चौकशीला बसलो. पहिला संशय पाण्यावर. आमचं बोअरचं पाणी जड, डाळ शिजत नाही. म्हणून फिल्टरच्या पाण्याचे जार आणून टाकी भरली. स्वतःच्या हातानं, कोपरापर्यंत बाह्या सारून, खडे चोळून धुतले. दुसऱ्या दिवशी एक गेला. मग संशय बायकोच्या धुपावर. देवघर आणि टाकी एकाच खोलीत, धूर बाधत असणार. मी धूप बंद करायला लावला. ती म्हणाली, "आवो, तुम्ही मासास्ना सरपंच व्हयनात का?" पण देवाची क्षमा मागून तिनं ऐकलं. मासा मरायचा थांबला नाही. मग लाईटवर घसरलो. तास-तास लाईट जाते, हवेचा पंप बंद पडतो, म्हणून इन्व्हर्टरची वायर टाकीपर्यंत ओढली. आमच्यावरचा पंखा बंद, माशांची हवा चालू, असे काही दिवस आम्ही घामात काढले.

शेवटी नजर. बहिणीनं टाकीचं फार कौतुक केलं होतं, हे मला आठवलं. मी शिकलेला माणूस, असल्या गोष्टी मानत नाही, म्हणून लिंबू-मिरची टाकीच्या पुढे न बांधता मागे बांधली. बहिणीला कुणीतरी ते सांगितलं आणि तिनं महिनाभर फोन केला नाही.

या सगळ्याची मी वही ठेवली होती. पाण्याचा रंग, खाणं किती टाकलं, ऊन की ढग, कोण गेला, कधी गेला. वही बघून कुणालाही वाटावं की मासे मोठ्या दवाखान्यात दाखल आहेत.

सहा गेल्यावर मी आणखी आठ आणले. त्यातले तीन गप्पी डोकं लढवून गोठ्यापुढच्या हौदात ओतले, पिशवीसकट उलटे केले. पाणी तेच बोअरचं. हवेचा पंप नाही, खाणं नाही, दिवसातून दोनदा म्हैस तोंड घालून फुरफुरते, तळाला शेवाळं. ते तिघे मस्त. पंधरा दिवसांत त्यांना पिल्लं झाली. मला इतका आनंद झाला की मी धावत जाऊन पोरीला सांगितलं, "अगं, हौदमातल्या गप्पीले पिल्लं व्हयनात!" तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "चांगलं व्हयनं, आप्पा." आपण काय बोललो हे मला ओट्यावर येऊन बसल्यावर कळलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

अकरावा गेला तेव्हा टाकीत दोन उरले होते. मी चिडून दुकानदाराला फोन लावला. म्हटलं, हौदातले सोडले तर अकरा गेले, तुमचा मालच खराब.

तो शांतपणे म्हणाला, "हौदातले जगले ना? ते पण माझेच. पाण्यात काही टाकलं का? साबण, फिनेल?"

"छे."

"हाताला काही असतं का? तेल, क्रीम?"

"मी काय क्रीम लावणारा माणूस वाटतो का तुम्हाला?"

"विष? उंदराचं, झुरळाचं?"

मी भडकलोच. "घरात दोन जिवांची पोर आहे. आम्ही घरात विष ठेवू का?"

मग त्यानं विचारलं, "शेतमा काय चालू शे सध्या?"

"काही नही. औषध मारी ऱ्हायनू."

"कसलं औषध?"

"मावा-तुडतुडास्नं. कपाशीले."

"कालवता कशानं?"

"हातानं," मी म्हणालो, आणि खोटं कशाला सांगू, जरा ऐटीतच म्हणालो. काठीनं ढवळलं तर तळाला बसतं, हाताला बरोबर कळतं, हे मी गावात दहा जणांना शिकवलेलं.

"आन् मग टाकीत हात घालता?"

मी फोन कानावरून काढला आणि स्वतःचा हात बघितला. तो "आप्पा? आप्पा?" करत होता.

औषध. दुकानावर पाटी औषधांची, बिलावर औषध, बांधावरून माणूस ओरडतो तेही "औषध संपलं का?" बाटलीवर लाल खूण असते, तिचा अर्थ जहाल विष, आम्ही ती लाल खूण बघूनच घेतो, कारण निळी-हिरवी असली की किडी मरत नाहीत अशी तक्रार. फवारून आलो की हात धुवायचो, नाही असं नाही. बांधावरच्या पाटात दोनदा खळबळायचे आणि धोतराला पुसायचे. हातमोजे पण होते घरात. दुकानातून फुकट मिळालेले. ते घालून बायको मिरच्या चिरते. तिचे हात जळजळत नाहीत. अक्कल घरात होती, फक्त माझ्या बाजूला नव्हती.

मी शेताची वही काढली आणि माशांची वही काढली. दोन्ही शेजारी ठेवल्या. ज्या दिवशी फवारणी, त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मासा. अकराच्या अकरा. एकदा नुसता फवारणीच्या पंपाचा नोझल साफ केला होता, तोही दिवस चुकला नव्हता. दोन्ही वह्या माझ्या, अक्षर माझं, काखेत कळसा आणि गावाला वळसा घालून मी बहिणीशी वैर घेऊन बसलो होतो.

खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो गप्प बसायचा. उद्यापासून टाकीला हात लावायचा नाही, मासे मरायचे थांबतील, श्रेय लिंबू-मिरचीला जाईल. गावात हे कळलं तर पुढच्या वर्षी पहिलं बी पेरायला कुणी बोलावणार होतं का मला? मी वह्या पुन्हा फळीवर ठेवत होतो तेवढ्यात बायको आत आली. दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाली, "पोर म्हनस, टाकी काढी टाका. मन्हाजोडे काहीच जगत नही, म्हनस."

मग मी गप्प कसा बसणार?

(बाळंतपण पुढे सुखरूप झालं. नात आता चालते आणि माझा चष्मा ओढते. हे आत्ताच सांगून टाकतो, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको.)

आधी मोरीत जाऊन साबणानं तीनदा हात धुतले, कोपराच्या वरपर्यंत. मग दोन्ही वह्या घेऊन तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसलो. दुपारची वेळ होती. ती टाकीकडे पाठ करून पडली होती, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली कूस सोडून. ग्रामसभेत बोलायला मला कधी कागद लागत नाही, पण इथे दोन वह्या मांडीवर होत्या.

"मासा मी मारात," मी म्हणालो.

ती वळली. मी सगळं सांगितलं. औषध, हात, दुकानदार, बिचारी बहीण, बिचारा धूप. ती टक लावून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे मन्हामुळे नही?"

"नही माय. तुन्हामुळे कसाले?"

"काळी?"

"मीच."

"ती लांब शेपटीवाली?"

"ती बी मीच."

"आन् तो किल्ल्यामांगे झोपेल व्हता तो?"

"तो तर मीच मारा आन् मीच झोपाडा."

तिच्या ओठाचा कोपरा हलला. मी वही उघडून एकेक दिवस वाचत गेलो आणि प्रत्येकापुढे "मीच" म्हणत गेलो. जन्मात इतक्या आनंदानं मी कुठली चूक कबूल केली नव्हती. अकरावा झाल्यावर मी वही मिटली. ती छताकडे बघत होती. मग अगदी हळू म्हणाली, "आन् गेल्या सालनं?"

हा प्रश्न तिनं वर्षभर कुणालाच विचारला नव्हता. नवऱ्याला नाही, आईला नाही. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला तेव्हाच सांगितलं होतं की अशा गोष्टीत आईचा दोष नसतो, पण ते दवाखान्याच्या व्हरांड्यात, आम्हाला. तिला स्वतःला बसवून कुणीच सांगितलं नव्हतं. आम्हाला वाटलं होतं, विषय काढला तर तिला त्रास होईल.

"ते बी तुन्हामुळे नही," मी म्हणालो.

"तुमले काय माहीत?"

मला काय माहीत होतं? काही नाही. मासे का मरतात हेही मला दीड महिना कळलं नव्हतं. पण जे माहीत नाही ते ठासून सांगायची सवय मला साठ वर्षांची आहे, आणि ती पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडली. "मले माहीत शे," मी म्हणालो. "डॉक्टरीणबाईनी बी सांगं. तुन्हामुळे नही. तू काहीच नही करं."

मग ती रडली. "काही नही" म्हणून आत दाबलेलं सगळं रडली. खांदे हलत होते, आवाज गल्लीपर्यंत जात असेल. बायको दारात येऊन उभी राहिली आणि तिथेच थांबली. मी पोरीच्या डोक्यावरून फिरवायला हात पुढे केला आणि मध्येच धरला. साबणानं तीनदा धुतलेला होता, तरी मला त्या हाताचीच भीती वाटली. मी तो मागे घ्यायला लागलो.

तिनं ओल्या डोळ्यांनी त्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"फिरवा ना, आप्पा," ती म्हणाली. "मी काय मासा शे का?"