धुक्यातलं स्वालबार्ड

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर आजवर जो जो माणूस गेला, गारठला आणि परतला, त्या प्रत्येकाशी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचं घरचं नातं होतं. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, परक्या देशात, यिशुन नावाच्या वस्तीतल्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर राहून हे नातं टिकवणं सोपं नव्हे. त्यासाठी ते एसी सोळावर ठेवून गळ्याला मफलर गुंडाळत, आणि काकू शाल पांघरून बाहेर कॉरिडॉरमध्ये भाजी निवडत बसत. "यांचा हिवाळा सुरू आहे," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

काका मूळचे चिपळूणचे. जहाजावर चीफ इंजिनिअर होते, पुढे इथे जहाजदुरुस्तीच्या नोकरीत स्थिरावले. स्वालबार्डला ते एकदाच गेले होते, तरुणपणी, कोळसा भरायला. जहाज दोन दिवस धक्क्याला होतं. त्यातला जवळजवळ सगळा वेळ काका इंजिनरूममध्ये एका नाठाळ पंपाशी झगडत होते. शेवटी अर्धा तास डेकवर आले.

"काय दिसलं?" मी विचारलं होतं.

"काही नाही. धुकं होतं. पण काय धुकं होतं, अरे!"

त्या अर्ध्या तासावर त्यांनी उरलेलं आयुष्य काढलं. खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरवर कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप समोर आला, की पहिल्या घोटाला देवमाशांच्या तेलासाठी आलेले डच, दुसऱ्याला कोल्ह्यांच्या कातड्यांसाठी बर्फात हिवाळा काढणारे रशियन, आणि कप निवेपर्यंत कोळशाच्या खाणी. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांना 'सागरी अनुभव' या विषयावर दहा मिनिटं दिली होती. पाऊण तासानंतरही ते देवमाशाची चरबीच वितळवत होते. एका मुलानं वैतागून विचारलं, "अंकल, सो कोल्ड, गो देअर फॉर व्हॉट?"

"पोटासाठी, बाळा. तुझे बाबा इथे आले ना, तसेच."

चिटणीसांनी घाईघाईनं आरती जाहीर केली.

या बेटांची एक गोष्ट मात्र काका आवाज खाली आणून सांगत: तिथे राहायला व्हिसा लागत नाही. कुठल्याही देशाच्या माणसानं जावं, कमवावं, राहावं. दर दोन-तीन वर्षांनी इथे राहून नोकरी करण्याच्या पासच्या नूतनीकरणासाठी देव पाण्यात घालणाऱ्या आम्हा मंडळींना हे पुराणातल्या नगरीसारखं वाटे.

मग गेल्या वर्षी काकांच्याच पासचं नूतनीकरण झालं नाही. एकवीस वर्षांचा संसार महिन्याभरात आवरायचा होता. मी गेलो तेव्हा काका खोक्यांमध्ये बसले होते. धीर द्यायचा म्हणून म्हणालो, "काका, आता चला स्वालबार्डला!"

"जाता येत नाही रे."

"पण व्हिसा तर..."

"बेटांवर लागत नाही. पण तिथे जायचं नॉर्वेतून, आणि नॉर्वेचा लागतो." ते खोक्याला चिकटपट्टी लावत राहिले. "शिवाय म्हातारपणी स्वतःचं भागवता येईना, की तिथूनही परत पाठवतात."

"हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून," काकू आतून म्हणाल्या. "पण सांगून कुणाचं भलं होणार होतं?"

काका कसनुसे हसले. एवढी वर्षं आम्हाला सांगितलेल्या इतिहासातलं हे एकच पान त्यांनी दुमडून ठेवलं होतं, आणि तेही बहुधा आमच्यासाठीच.

आता ते चिपळूणला असतात. मागच्या रविवारी मी फोन केला. तब्येत, पाऊस, गुडघे, सगळं बोलून झालं. मग काका जरा घुटमळले.

"इथे कुणी काही विचारत नाही रे," ते म्हणाले.

मला उशीर होत होता. बायको दाराशी उभी राहून घड्याळ दाखवत होती. मी पायातले बूट काढले आणि खुर्ची ओढली.

"काका," मी म्हणालो, "ते रशियन शिकारी हिवाळ्यात खायचे तरी काय हो?"