राहून गेलेली कवळी

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत. दवाखान्यांसाठी कवळ्या करण्याचं काम ती बावीस वर्षं करत होती. ते शिकवलं होतं मामांनी. वडील गेल्यावर शाळा सुटलेल्या भाचीला त्यांनी आपल्या टेबलाशी बसवलं, हातात मेण दिलं आणि म्हणाले, "आपण फक्त दात द्यायचे. हसायचं कशावर, ते ज्याचं त्यानं बघावं."

अलीकडे मात्र तिचं कामावरून मन उडालं होतं. माप आलं, साचा काढला, दात बसवले, धाडून दिले. मामांकडेही ती दोन वर्षांत फिरकली नव्हती. फोनवर "येते हो मामा, पुढच्या आठवड्यात" हे ठरलेलं. त्यांचा शेवटचा फोन तर तिनं उचललाच नाही. हात साच्याच्या प्लास्टरनं बरबटले होते, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे बोलायचा कंटाळा आला होता. आठ दिवसांत मामा गेले.

स्मरणसभेत ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली. एक म्हाताऱ्या शिक्षिका बोलायला उठल्या. "माझी कवळी यांनी चारदा बदलली. मी म्हटलं, राहू द्या, जेवता येतंय. तर म्हणाले, जेवता येतंय हो, पण 'स' नीट येत नाही. पोरं हसतील तुम्हाला."

सगळे हसले. दातवालीची मान खाली गेली. त्याच आठवड्यात तिनं एका निवृत्त पोस्टमनची कवळी डावीकडे उंच राहिलेली दिसत असूनही तशीच पाठवली होती.

निघताना मामींनी तिचा हात धरला. "आलीस, बरं केलंस."

"मामी, त्यांचा फोन आला होता, मी..."

"माहीत आहे. म्हणाले, कामात असेल. त्यांची कवळी सैल झाली होती ना. दुसऱ्या कुणाकडे जायला तयार नव्हते. भाचीचा हात माझ्यापेक्षा साफ आहे, म्हणायचे."

मामी चार शब्द रागानं बोलल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं दवाखान्यात फोन लावला. "पोस्टमनकाकांची कवळी परत हवी. चूक माझी आहे."

"अहो, त्यांची काही तक्रार नाही," डॉक्टर म्हणाले.

ती स्वतःच काकांच्या घरी गेली. काका संकोचून म्हणाले, "मला वाटलं, नवी कवळी अशीच टोचते. मी आपला उजवीकडून चावतो."

ते ऐकून ती मेल्याहून मेली. दोन दिवस खपून तिनं कवळी पुन्हा केली. काकांनी डावीकडून टोस्ट कडकन मोडला, तेव्हा कितीतरी महिन्यांनी तिला आपलं काम आवडलं.

मामांची कवळी राहिली ती राहिलीच. ते तिला आजही खातं. पण आता माप आलं की ती आधी डॉक्टरांना विचारते, "हे कोण? वय काय? करतात काय?" डॉक्टर वैतागतात, पण सांगतात.