भैरू येळवंडे आणि मोशीचं पाणी

भोसरीला आमची पंप तयार करणारी कंपनी होती आणि मी तिच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. टाइम ऑफिसातला कारकून म्हणजे पाणवठ्यावरची बाई. सगळ्या गावाची ये-जा त्याच्या डोळ्यांखालून होते, आणि कोण का उशिरा आलं, कोण कुणाच्या कॅरिअरवर बसून आलं, हे विचारल्यावाचून त्याला जेवण जात नाही. माझ्याबद्दल एवढं पुरे. सांगायचंय ते भैरू येळवंड्याबद्दल. ही गोष्ट मी आजवर शंभर वेळा सांगितली असेल, आणि लोक पोट धरून हसले आहेत. पण दर वेळी त्यातली एक जागा मी गाळत आलो. आज गाळणार नाही.

भैरू चाकणजवळच्या निघोज्याचा. आमच्याकडे लेथवर लागण्याआधी तो सायकलला दुधाच्या किटल्या लटकवून भोसरीपर्यंत रतीब घालायचा. नोकरी लागली, किटल्या उतरल्या, पण सायकल तीच आणि रस्ताही तोच. सकाळी सातच्या शिफ्टला त्याचं कार्ड पावणेसातला पंच झालेलं असायचं. पाऊस असो, नाशिक रोडवर कांद्याचे ट्रक उलटलेले असोत, पावणेसात म्हणजे पावणेसात. मी त्याच्याकडे बघून घड्याळ लावत असे, असं मी सगळ्यांना सांगायचो. ते खोटं होतं, पण फार खोटं नव्हतं.

एक मेला कंपनीची सायकल शर्यत असे. गेटपासून मोशी, मग इंद्रायणीचा पूल, कुरुळी, चाकण आणि परत. वीस मैलांना थोडं कमी. अडुसष्ट, एकोणसत्तर आणि सत्तर, तिन्ही वर्षं भैरू पहिला. कँटीनच्या भिंतीवर काळा लाकडी फळा होता, त्यावर विजेत्याचं नाव पांढऱ्या रंगात लिहीत. एकाखाली एक तीनदा ‘भैरू येळवंडे’. बिचारा जेवताना त्या फळ्याकडे पाठ करून बसायचा. “समोर आपलंच नाव बगत घास कसा गिळायचा, हरिहरराव?” घरी कपांचं काय करतोस विचारलं तर म्हणाला, “दोन फळीवर हायती. मोठ्यानं आमची बायकू रुक्मिणी बाजरी मापती. चांगलं माप हाय.”

एकाहत्तर साली साताऱ्याकडचा हिंदुराव पेंट शॉपमध्ये लागला. वय तेवीस, मांड्या अशा की पँट शिंप्याकडून दोनदा उसवून घ्यावी लागली, आणि आल्या दिवसापासून बोलबाला, यंदा म्हातारा गेला. म्हातारा म्हणजे भैरू. छत्तीस वर्षांचा. हा बोलबाला कुणी सुरू केला हे विचारू नका.

त्या एक मेला भैरूने हिंदुरावाला पूलही ओलांडू न देता मागे टाकलं. गेटवर लावलेली फीत छातीवर घेतली, आणि थांबलाच नाही. फीत गळ्यात लोंबकळतेय, पाहुणे हार घेऊन उभे आहेत, आणि हा पठ्ठ्या डोळे वटारून, मंडपासमोरून सरळ पुढे. “भैरू, जिंकलास रे! थांब!” लोकांना आधी मजा वाटली. मग आम्ही जीप काढली. नाशिक फाटा मागे पडला तरी हा पायडल मारतोच आहे. कासारवाडीचं रेल्वे फाटक बंद होतं म्हणून बरं, नाही तर तो कुठे जाऊन थांबला असता कोण जाणे. फाटकाला धडकून पडला तरी पाय हवेत फिरत होते.

ही जागा सांगताना मी पाय हवेत फिरवून दाखवायचो. फार हशा मिळायचा.

कंपनीच्या डॉक्टरांनी त्याच्या बुबुळांत बघितलं आणि विचारलं, “काय घेतलंस?”

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, ऊन लागलं. भैरू म्हणाला, “गोळ्या. तीन.”

“कुणी दिल्या?”

“नाव न्हाई सांगायचा. चाकणच्या बाजारातनं कांदा भरून मुंबईला जात्यात त्या डायवरांच्या असत्यात. झोप लागू नये म्हून. ते एक घेत्यात.”

“आणि तू तीन?”

“हिंदुराव तेवीस वर्षांचा हाय, डाक्टर.”

मग पर्सोनेल ऑफिसर काणेसाहेबांनी बोलावलं. मधुसूदन काणे, कडक इस्त्रीचा माणूस. त्यांच्यासमोरही भैरूने तेच सांगितलं आणि वर एक वाक्य जोडलं: “गोळ्या यंदाच घेतल्या, आदीचं तिनी कप माज्या पायाचं हायती.” कबुली सगळ्यांनी तत्काळ मानली, जोडलेलं वाक्य कुणीच मानलं नाही. गुन्हा कबूल करणाऱ्याचं बाकी सगळं खोटं ठरतं, ही आपल्या लोकांची जुनी रीत आहे. साहेबांनी दोन वर्षांची बंदी घातली आणि चारही कप परत मागवले. चौथा तर त्याला मिळालाच नव्हता हे लक्षात आलं तेव्हा तीन मागवले. भैरूने ते पोत्यात घालून कॅरिअरला बांधून आणले. मोठ्या कपाच्या खोबणीत बाजरीचे चार दाणे अडकलेले होते. फळ्यावरच्या तिन्ही नावांवर पेंटरने काळा हात मारला, पण एकच हात मारला, त्यामुळे दुपारी खिडकीतून तिरकं ऊन आलं की तिन्ही नावं खालून दिसायची. आता भैरू फळ्याकडे तोंड करून जेवायला बसू लागला.

आणि मग लिमलेटच्या गोळ्या. रोज सकाळी भैरूच्या कार्डाच्या खणात एक लिमलेटची गोळी ठेवलेली असे. “भैरू, डोस घेतला का?” “एकच घे रे, कासारवाडीला फाटक उघडं असतंय आज!” तो कार्ड पंच करी, गोळी शर्टाच्या खिशात टाकी आणि लेथवर जाई. हे कुणी सुरू केलं? मीच. आणि दोन वर्षं, सुट्ट्या सोडून, एक दिवस चुकवलं नाही. माझ्या कामात नियमितपणा होता.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये, बंदी संपत आली तेव्हा, भैरू माझ्या खिडकीशी आला. “हरिहरराव, शर्यतीला नाव घ्या.”

मी पेन खाली ठेवलं. “अडतिसाव्या वर्षी? कशाला अब्रूचे धिंडवडे?”

“धिंडवडं झालं की आदीच. आता पैला आलो तर निदान म्हनतील, बिनगोळीचा बी पळतो. मग ती आदीची तीन नावं परत लिवतील.”

त्याला पुढचा कप नकोच होता. त्याला मागचे हवे होते.

कँटीनमध्ये तर दिवाळीच झाली. “आता गोळी न्हाई, सुई घेनार!” “चाकणला न्हाई थांबायचा, नाशिकला जाऊन गंगेत आंघूळ करून येनार!” काणेसाहेब कधी नव्हे ते कँटीनमध्ये आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “काही न घेता पहिला ये. मी स्वतः पेंटरला बोलावीन.” हिंदुरावाच्या दोस्तांपैकी एकाने मागून विचारलं, “पण काही घेतलं न्हाई हे कळनार कसं, साहेब?” सगळे गप्प झाले. आणि मला गप्प बसवत नाही. मी म्हणालो, “त्यात काय? भंडारा उचलू दे!”

हसण्यावारी म्हटलं होतं. पण भैरूने ताटावरून हात काढला आणि म्हणाला, “उचलतो.”

पुढच्या रविवारी आकुर्डीच्या खंडोबाला पंधरा-वीस जण जमलो. बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा तळहातावर घेऊन दिलेला शब्द मोडला तर देव घर उठवतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. भैरू म्हणाला, “गोळी घेनार न्हाई.” लगेच फाटे फुटले. पुडी चालेल का? काढा चालेल का? साखरेतून कुणी दिलं तर? कारकून मी, मसुदा करायची सवय. मी सांगितलं, “असं म्हण. एक मेला सूर्य उगवल्यापासून शर्यत संपेपर्यंत तोंडात काहीही घालणार नाही.” वा, वा, म्हणाले सगळे, आता पळवाट राहिली नाही. भैरूने ते शब्द जसेच्या तसे म्हटले आणि भंडारा कपाळाला लावला. पाण्याचा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. शर्यत सकाळी सातला सुटायची होती, तास-सव्वा तासाचा खेळ.

पण पाहुणे मुंबईहून यायचे होते. ते आले पावणेदहाला, आणि त्यांना श्रमाचं महत्त्व या विषयावर बोलायचं होतं. शर्यत सुटली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. त्र्याहत्तर साल, दुष्काळाचं. रस्त्याकडेच्या बाभळींनीही सावली आखडून घेतली होती.

मोशीला परतीच्या वाटेवर पाण्याचा थांबा होता. माठ, चार पेले आणि मी. इंद्रायणीच्या पुलावरून वर मोशीपर्यंत चढ आहे, तो चढून माणूस आला की त्याला पाणी द्यायचं, आणि पुढे भोसरीपर्यंत चार मैल. बघ्यांची गर्दी माझ्याभोवतीच जमली होती, कारण मी असतो तिथे करमणूक असते.

पहिला आला तो भैरू. एकटा. मागे हिंदुराव दिसत होता, पण चांगला दोन फर्लांग मागे. गर्दीतली टिंगल आपोआप थांबली. एक म्हातारा टाळ्या वाजवू लागला. भैरूच्या ओठांवर पांढरा थर साचला होता आणि शर्टावर मिठाची नकाशासारखी रेघ उमटली होती. मी सवयीने पेला भरून पुढे केला. त्यानेही सायकल हळू केली, उजवा हात काढला आणि पेल्याकडे नेला.

हीच ती जागा, मी गाळत आलेली.

मी म्हणालो, “भैरू! खंडोबा बघतोय हां!”

वीस माणसं समोर होती आणि मला विनोद सुचला. दुसरं काही कारण नाही. लोक खो खो हसले. भैरूचा हात पेल्यापासून चार बोटांवर होता. तो तिथे थांबला आणि मागे गेला. हात पुन्हा हँडलवर ठेवून तो पुढे निघाला. मी पेला हातात धरून उभा. “अरे, पाणी चालतंय!” असं मी ओरडलो का? नाही. ते सुचलं तेव्हा तो वळणाआड गेला होता. मागून हिंदुराव आला, दोन पेले घटाघट प्याला, तिसरा डोक्यावर ओतून घेतला आणि गेला.

भैरू सहावा आला. शेवटचा अर्धा मैल तो नागमोडी चालवत होता, असं नंतर कळलं. गेटवर शिट्ट्या झाल्या. “बघा, गोळी न्हाई तर गाडी बंद!” “आदीचे तीन बी कसे आले, आता कळलं!” काणेसाहेबांनी हिंदुरावाला हार घातला. हिंदुराव तो काढून हातात घेत म्हणाला, “साहेब, मी दोन गिलास पाणी प्यालोय. त्यानं एक घोट घेतला न्हाई.” पण लाउडस्पीकर सुरू झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून भैरू कंपनीच्या बसने येऊ लागला. पावणेसातचं सात पाच झालं. मी त्याच्या खणात लिमलेटची गोळी ठेवली नाही. हिंमतच झाली नाही. तिसऱ्या दिवशी त्याने खण चाचपला आणि खिडकीतून मला विचारलं, “हरिहरराव, गोळी न्हाई आज?” मला वाटलं, टोमणा मारतोय. मी मस्टरमध्ये डोकं खुपसलं. पुन्हा त्याने विचारलं नाही.

एक्याऐंशी साली त्याच्या मुलीचं, इंद्रायणीचं लग्न निघालं. मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. कँटीन नवं बांधलं तेव्हा तो फळा भंगारात गेला होता. निमंत्रण आलं आणि मी निघोज्याला गेलो. नवरीला हळद लागली होती. भैरूने तिला माझ्यापुढे उभं केलं, “ह्ये आमच्या टाइम आफिसातलं हरिहरराव.” पोरगी एकदम खुलली.

“तुमीच का गोळ्यावालं काका? आबा रोज सांजच्याला लिमलेटची गोळी आनायचं. म्हनायचं, कंपनीतली मानसं मला लई मानत्यात, रोज तुज्यासाठी देत्यात. मी फाट्यावर वाट बगत बसायची.” मग जरा लटक्या रागाने, “अन् मंग एकदम बंद का वो केल्या?”

तिला कुणीतरी हाक मारून नेलं. मी भैरूला म्हणालो, “भैरू, त्या दिवशी मोशीला मी बोललो नसतो तर...”

“कवा?”

“पाण्याच्या वेळी. खंडोबा बघतोय म्हणालो.”

“त्ये व्हय?” तो म्हणाला. “वाऱ्यानं कान भरल्यालं आसत्यात सायकलीवर. काय आयकू येतंय? हात घामानं निसरत व्हता, म्हून मागं घेतला.”

मी त्याचा हात पाहिला होता, चार बोटांवरून. तो मला काय सांगतोय हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. तेवढ्यात रुक्मिणीबाई गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. “उन्हाचं आलाय भाऊ, आदी पानी घ्या.”

मी तांब्या घेतला. भैरू माझ्याकडे बघत नव्हता. जावयाला द्यायची नवी सायकल मांडवाच्या खांबाला टेकून ठेवली होती, हँडलला झेंडूची माळ. तो उकिडवा बसून मागच्या चाकाची हवा अंगठ्याने दाबून बघत होता.