‘लर्न’ म्हणजे कळणं

दिगू गेल्याची बातमी मला माझ्या मुलीने दिली. त्याचं घर आणि माझं घर तोंडवलीत हाकेच्या अंतरावर, आणि मयूरी पुण्याला नर्स. तरी गोव्याच्या इस्पितळातून त्याच्या मुलाने पहिला फोन केला तो तिला. “बाबा, सर गेले...” एवढंच बोलली आणि हमसून हमसून रडायला लागली. खरं सांगतो, मित्र गेल्याचं दुःख मागाहून आलं. आधी मनात आलं, ही माझ्यासाठी एवढी रडेल का?

दिगू आणि मी एका वर्गातले. तो मास्तर झाला, मी होडी धरली. आधी मासेमारी केली, आता पर्यटकांना फिरवतो. शाळा सुटल्यावर तो पडवीत इंग्रजी शिकवायचा. मयूरी तिथे जायला लागली आणि आमच्या घरात ‘सर म्हणाले’ सुरू झालं. जेवताना मी काही सांगितलं की ही म्हणणार, “सरांका विचारतंय.” माझा घास तोंडातच फिरायचा.

एकदा तिला आणायला गेलो तेव्हा तो ‘लर्न’ हा शब्द शिकवत होता. पुढे ‘बाय हार्ट’ लावलं की पाठ करणं, ‘अ लेसन’ लावलं की अद्दल घडणं. मग म्हणाला, “आणखी एक अर्थ आसा. आय लर्न्ड दॅट ही वॉज इल. तो आजारी असल्याचं मला कळलं. हय शिकणा न्हय, कळणा.” पोरं माना डोलावत होती. मयूरी त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होती, तशी माझ्याकडे कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

पुढे माझ्या मुलीबद्दल मला जे जे कळलं, ते दिगूकडूनच. तिला नर्सिंगला जायचंय, देवगडचं स्थळ नकोय, पुण्यातला एक मुलगा आवडलाय... “तू ओरडशीत म्हणान माका सांगल्यान,” तो म्हणायचा. आवाजात फुशारकी नसायची, तेच जास्त लागायचं. मी तोडून बोलून निघून यायचो, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा त्याच्याच पडवीत जाऊन बसायचो. तिची खबर दुसरीकडे कुठे मिळणार होती?

परवा संध्याकाळी पाय आपोआप तिकडे वळले. वहिनींनी न विचारता चहा आणून ठेवला. पोरीची खबर सांगायला आता कोणी नव्हतं. शेवटी तिथूनच मयूरीला फोन लावला.

“बाबा? काय झाला? कोण गेला?”

“कोण नाय गो. तू कशी आसस?”

मग हळूहळू बोलायला लागली. नोकरी बदलायची म्हणते, पण धीर होत नाही. बोलता बोलता म्हणाली, “सर आसते तर...” आणि थांबली.

पूर्वीसारखं तोडून बोलावंसं वाटलं. फोन मात्र ठेवला नाही.

“सांग,” मी म्हटलं, “दिगू काय म्हणालो आसतो?”