धंतोलीमार्फत

मांजर आडवं गेलं तर मी थांबत नाही, मांजरच थांबतं. भुताखेताच्या गप्पांना मी कायम पुढच्या ओळीत बसतो... हसायला. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात, तर मला राग येणार नाही.

काळ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. मी नागपुरात टेलिप्रिंटर दुरुस्त करायचो. टेलिप्रिंटर म्हणजे तारेनं जोडलेले दोन टाइपरायटर — इथं टाइप केलं की तिथं आपोआप उमटतं. अक्षरं इंग्रजी, पण ऑपरेटर मंडळी त्यात खुशाल मराठी लिहायची.

रामदासपेठेत एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं हेड ऑफिस होतं, शहराबाहेर वाडीला गोदाम. पूर्वी मध्ये धंतोलीचं ऑफिस असायचं. हेड ऑफिसचा निरोप तिथं उमटायचा आणि तिथले ऑपरेटर गुलाबराव तो पुन्हा टाइप करून वाडीला धाडायचे. म्हणून प्रत्येक निरोपाच्या डोक्यावर लिहायची पद्धत होती — ‘धंतोलीमार्फत’. पुढे ते ऑफिस बंद झालं. मशीन भंगारात गेलं, गुलाबराव वाडीच्या मशीनवर बसू लागले, आणि तार थेट वाडीला जोडली गेली. जोडली मीच.

एका दुपारी मॅनेजर ठोंबरेसाहेबांनी मला बोलावलं. संत्र्यांचा ट्रक रायपूरला वळवा, असा निरोप वाडीला पोचलाच नव्हता. ट्रक भलतीकडे गेला, माल सडला. असे आणखीही काही निरोप गायब झाले होते, आणि सगळे तातडीचेच.

“भाऊ, मशीन पाहा अन् मले सांगा, ठीक आहे म्हणून,” ठोंबरे म्हणाले. “मंग मी या बाईले घरी पाठवतो.”

ही बाई म्हणजे ऑपरेटर विमलबाई. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्याच पगारावर.

“साहेब, मी पाठवला होता,” त्या म्हणाल्या.

“पाठवला तं गेला कुठं वं बाई? बर्डीच्या बाजारात फिराले?”

मी वाडीला फोन लावला. पलीकडे गुलाबराव. मी टाइप केलं — टेस्ट.

“आलं,” गुलाबराव म्हणाले.

पुन्हा केलं. पुन्हा आलं. मशीन ठणठणीत. ठोंबऱ्यांचा चेहरा खुलला, बाईंचा उतरला. मला काय वाटलं कोण जाणे, म्हटलं, “बाई, तुम्ही करा. घाईत करता तसंच.”

बाईंची बोटं धावली.

“नाही आलं,” गुलाबराव.

मी कागद पाहिला. डोक्यावर होतं — धंतोलीमार्फत.

“घाईत हात आपोआप जाते, भाऊ,” बाई ओशाळल्या. “इतके वर्सं तेच तं लिवलं.”

मी हसलो. तार म्हणजे तांब्याचा तुकडा, ती पत्ता थोडीच वाचते? मी स्वतः ते शब्द घालून पाठवलं. नाही पोचलं. शब्द काढून पाठवलं. पोचलं. माझं हसू तिथंच राहिलं.

त्या मशीनला एक कळ असते. दाबली की पलीकडचं मशीन आपणहून आपलं नाव सांगतं. मी वर धंतोलीमार्फत लिहिलं आणि कळ दाबली.

खडखड झाली. कागदावर उमटलं — धंतोली.

“गुलाबराव, चेष्टा करता काय?” मी फोनवर विचारलं.

“मी काहून चेष्टा करू गा? इथं तं कागदही हालून नाही राहिला.”

आता मी पक्का कारागीर. तारेचा स्क्रू काढला, तारच उपटून हातात धरली. म्हटलं, आता बोल. आणि माझ्या डोळ्यांदेखत ते मशीन बोललं —

‘निरोप पावले. पुढे पाठवायचा हुकूम नाही म्हणून ठेवून घेतले. गुलाब.’

भूत म्हणावं, तर कोणी मेलेलंच नव्हतं हो! गुलाब म्हणून सही करणारा माणूस वाडीला बसून माझ्या कानात श्वास घेत होता. मी त्यांना वाचून दाखवलं. “पुन्हा एकदा वाच गा,” ते म्हणाले.

ठोंबरे खुर्चीत बसले होते. धंतोलीनं यापुढे निरोप पुढे पाठवू नयेत, हा हुकूम ऑफिस बंद करताना त्यांच्याच सहीनं निघाला होता.

“मंग हुकूम द्या नं साहेब,” विमलबाई म्हणाल्या. आवाज अगदी शांत. “त्या धंतोलीवाल्याचं काय चुकलं?”

ठोंबरे उठले. एकेक अक्षर शोधत त्यांनी टाइप केलं — ‘पुढे पाठवा. ठोंबरे.’ तार अजून माझ्या हातातच लोंबत होती.

फोनमधून वाडीच्या मशीनची खडखड ऐकू आली. थांबेचना. गुलाबराव एकेक वाचत गेले... टायर पाठवा... ड्रायव्हरचा पोरगा आजारी... आणि मग, संत्र्यांचा ट्रक रायपूरला वळवा. खाली विमलबाईंचं नाव.

ठोंबऱ्यांनी चष्मा काढून पुसला. “बाई, तुम्ही उद्यापासून... म्हणजे, येत राहा,” एवढंच म्हणाले. मालकांना त्यांनी काय कळवलं, ते मी विचारलं नाही.

विद्युत, चुंबक, जुना साठलेला करंट... सगळे तर्क मी करून पाहिले. एकही टिकला नाही.

बाईंनी दुसऱ्या दिवशी संत्रा बर्फी वाटली. वाडीला जाऊन गुलाबरावांपुढेही डबा धरला, तर ते मागे सरकले. “मी काहून घेऊ वं बाई? मी तं काहीच केलं नाही.”

तेव्हा तो डबा घेऊन बाई धंतोलीत गेल्या. जुन्या ऑफिसच्या जागी आता एका डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी डबा कंपाउंडरच्या टेबलावर ठेवला.

“कोणासाठी?” त्यानं विचारलं.

बाई म्हणाल्या, “इथं जो कोणी असंन त्याले.”