मागच्या उजव्या स्पीकरमधून दादा बोलला

घरात कोणी भुताखेतांचा विषय काढला की मी उठून चहा टाकायला जायचो. चोवीस वर्षं रेल्वेत सिग्नलचं काम केलंय. दिवा चुकीचा लागला तर त्याला कारण असतं, आणि ते शोधलं की सापडतं... एवढीच माझी श्रद्धा. म्हणूनच हे लिहायला दोन वर्षं लागली.

आम्ही रायपूरला गुढ़ियारीत राहतो. माझा सख्खा मोठा भाऊ विलासदादा पुरानी बस्तीत. तो निवृत्त शिक्षक. आम्हा दोघांना एकच नाद – गाणं चांगलं ऐकायचं. बरीच वर्षं थांबून मी रिबनचे दोन मोठे स्पीकर घेतले होते. उंच, पातळ, दाराच्या फळीसारखे. आत नेहमीचा कागदी शंकू नसतो, वर्खासारखी पातळ पट्टी थरथरते. गाणारा समोर बसलाय असं वाटतं.

पंचाईत मागच्या स्पीकरांची झाली. सराउंडसाठी, म्हणजे मागूनही आवाज यावा म्हणून, साधे डब्याचे स्पीकर लावले, तर पुढचा आवाज मागे गेला की माणूसच बदलायचा. दादाने युक्ती काढली – ओळखीचा आवाज लावून पाहायचा. त्याने पेपरातली हवामानाची बातमी वाचून रेकॉर्ड करून दिली. तीच फाइल पुढून, मग मागून वाजवायची. पहिली जोडी ऐकून तो हसला होता, "दिन्या, समोर मी बोलून राहिलो अन् मागं माझा साळा बोलून राहिला! वापस कर." दुसरी जोडीही परत गेली. तिसरी मात्र रिबनचीच, लहान. नागपूरच्या एका दुकानदाराने आठ दिवस ऐकायला दिली होती.

तो रविवार होता. माझी बायको आणि वहिनी अभनपूरला बारशाला गेल्या होत्या. दादा संध्याकाळी ऐकायला येणार होता. दुपारी तीनच्या सुमारास मी आणि माझी मुलगी मृणाल जोडणी करत होतो. फाइल लावली... "उद्या आकाश ढगाळ राहील..." पुढून, मग मागून. हुबेहूब! मी खूश झालो. फाइल संपली.

आणि मागच्या उजव्या स्पीकरमधून दादा बोलला –

"दिन्या, दार उघड ना. पाय उचलून नाही राहिला."

मृणालने माझ्याकडे पाहिलं. "पापा, बड़े पापा ने ये भी रिकॉर्ड किया था क्या?"

"केलं असंल. थांब, पाहतो."

फाइल पुन्हा ऐकली. शेवटपर्यंत फक्त हवामान. म्हणजे बाहेरचा काही सिग्नल घुसतोय, कुठेतरी वायर अँटेनासारखी वागतेय... मी अँप्लिफायर उघडला. मृणाल म्हणाली, "पापा, एक बार फोन तो कर लो उनको."

"अगं, हा फॉल्ट आहे. सापडला की करतो."

सगळी टोकं तपासली. एकेक वायर बदलली. मधे मृणाल पुन्हा फोनचं म्हणाली, मी खेकसलो. शेवटी मागच्या उजव्या स्पीकरची वायर उपटून हातात घेतली. तिचं उघडं टोक माझ्या बोटांत होतं. आणि त्याच स्पीकरमधून, अगदी जवळून, थकलेला आवाज –

"दिन्या... काहून येऊन नाही राहिला रे?"

मग मी फोन केला. रिंग जात राहिली. स्कूटरवर मृणालला मागे बसवलं आणि सुटलो.

दादाच्या घराला आतून कडी. शेजारच्या भैयाला हाक मारली, दोघांनी मिळून दार तोडलं. आत बाथरूमचं दारही बंद. तेही तोडलं. दादा फरशीवर एका कुशीवर पडला होता, नळ चालू. डोळे उघडे होते. माझ्याकडे पाहत होता. तोंड हलत होतं, पण आवाज नव्हता.

मेंदूत रक्ताची गाठ, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, पडल्यावर त्याने हाका मारल्या असतील का? ते म्हणाले, "बोल पाना तो उसी वक़्त बंद हो गया होगा." मग म्हणाले – "थोड़ा पहले ले आते तो..."

तिसऱ्या दिवशी दादा गेला.

भूत म्हणावं, तर आवाज आला तेव्हा दादा जिवंत होता. त्याचाच आवाज म्हणावा, तर त्याची वाचा गेलेली, आणि घर चार-पाच किलोमीटर लांब. फाइल मी अनेकदा ऐकली, त्यात काही नाही. स्पीकर एका ओळखीच्या इंजिनिअरने तपासले, त्यांतही काही नाही. मग ते परत केले. कारण मला सापडलेलं नाही.

वहिनी आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "दिनेशभाऊजींले काय वाटलं कोण जाणे, स्वतःहून धावत गेले. नाहीतर यांले कोणी पाहिलंही नसतं." आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढतात.

पहिल्या हाकेपासून मी निघेपर्यंत चाळीस मिनिटं गेली होती. हे मला ठाऊक आहे, आणि मृणालला.